डीलिया तर येणारच

रविवार, ५ मे

आज बॅलीनाशच्या हॉटेलात पक्षाने माझी वाटणी केली. डब्लिनहून आलेल्या ब्रॉफी नावाच्या गृहस्थाने टेबलावर मतदारसंघाचा नकाशा पसरला, लाल पेन्सिल काढली आणि नदीवरून रेघ ओढली. पश्चिमेला डीलिया गॉन, पूर्वेला फिन्टन लॉफ्टस. पश्चिमेच्या लोकांनी मतपत्रिकेवर पसंतीचा एक नंबर मला द्यायचा, दोन नंबर फिन्टनला. पूर्वेच्या लोकांनी उलट. एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. असं केलं की मतदारसंघातल्या चारपैकी दोन जागा आपल्या, असं म्हणून ब्रॉफीने केक कापून झाल्यासारखे हात झटकले.

फिन्टन हा वकील. वय बत्तीस, टक्कल पडायला लागलंय, तरी आईने नुकतंच तोंड पुसून पाठवल्यासारखा दिसतो. मला 'मिसेस गॉन' म्हणतो. सहा वर्षं झाली मी संसदेत निवडून गेलेली डेप्युटी आहे, पण त्याच्या जिभेला तो शब्द जड जातो.

पूर्वेला किलकॉरन येतं. माझा नवरा टॉमस तिथला. तिथेच पुरलाय. वीस वर्षं तो या जागेवर निवडून आला, आणि आज त्याच्याच गावची मतं त्याच्या डोक्यावरून एका पोराला देऊन टाकली. आणि मी बावळट, मान डोलावून मोकळी झाले. कारण पॅकी म्हणाला, पक्षाला शब्द दिला की दिला. पॅकी रुएन आधी टॉमसच्या निवडणुका सांभाळायचा, आता माझ्या सांभाळतो. मोटारही तोच चालवतो.

अट मात्र एक घातली. अंत्यविधीला मी कुठेही जाणार, नदीच्या अलीकडे असो की पलीकडे. ब्रॉफी हसून म्हणाला, जा की बाई, मेलेल्यांना कुठे मत असतं. मी म्हटलं, तुम्ही डब्लिनचे, तुम्हाला काय कळणार.

मंगळवार, ७ मे

टॉमसचा कोट बाहेर काढला. तपकिरी, लोकरीचा, माझ्या घोट्यापर्यंत येतो. बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात. टॉमस गेल्यावर पोटनिवडणूक लागली तेव्हा पक्षाने मला उभं केलं. विधवेला उभं करायची इथली रीतच आहे, लोकांचं मन द्रवतं. मार्चची थंडी होती, माझा कोट विरला होता, म्हणून त्याचा चढवला. निवडून आले. तेव्हापासून प्रत्येक प्रचाराला तोच. पॅकी म्हणतो, पाऊस लागला की ओल्या मेंढीचा वास येतो. येऊ दे. मतं टॉमसची आहेत, तर कोटही त्याचाच हवा.

त्या कोटावरूनच नणंदेशी वाकडं आलं. अ‍ॅट्रॅक्टा, टॉमसची बहीण, लग्न केलं नाही, किलकॉरनला पोस्ट आणि दुकान चालवते. चर्चच्या पायरीवर चारचौघांत म्हणाली, "तो अजून गारही झाला नाही, आणि ही त्याचा कोट घालून निघाली." त्यानंतर आमचं बोलणं बंद. म्हणजे एक शब्द सोडून. नदीच्या दोन्ही काठांवरचे फोन तिच्या पोस्टातूनच जोडले जातात. मी रिसीव्हर उचलला की ती विचारते, "नंबर?" मी नंबर सांगते. सहा वर्षांत एवढाच काय तो संवाद.

शनिवार, ११ मे

शनिवार म्हणजे लोकांची गाऱ्हाणी. सकाळपासून स्वयंपाकघर भरलेलं. टॉमसच्या वेळेपासून ही पद्धत. तो आठवडाभर डब्लिनला, शनिवारी थकून झोपलेला, म्हणून माणसं माझ्यापुढे बसायची. मी बटाटे सोलता सोलता ऐकून घ्यायची, सोमवारी डब्लिनच्या खात्यांना फोन करायची. नाव त्याचंच सांगायची. काम त्याच्या नावावर व्हायचं, मग ते त्याचंच की.

धक्क्यावरचा म्हातारा बार्टली कॉइन आला होता. त्याला विधुराची कसलीशी सवलत हवी आहे. जाता जाता म्हणाला, "राग मानू नका बाई, पण टॉमस असताना आमचं काम व्हायला जरा उशीरच लागायचा." म्हाताऱ्याचं डोकं आता चालत नाही. धक्क्यावरचा दिवा टॉमसनेच लावून दिला ना? त्यासाठी मी खात्यात सतरा फोन केले होते, मला चांगलं आठवतंय.

जो तो एकच सांगत होता, तुम्ही तर येणारच, तुम्हाला काय काळजी. ऐकून बरं वाटलं. पॅकी मात्र चहात बघत बसला. मी विचारलं, का रे, तुझं तोंड का उतरलं? म्हणाला, "बाई, लोक शिव्या देतात तेव्हा मला झोप लागते. 'येणारच' म्हणायला लागले की उडते."

गुरुवार, १६ मे

किलकॉरनला सुताराच्या आईचा अंत्यविधी. ब्रॉफीच्या रेघेच्या नाकावर टिच्चून पूल ओलांडला. चर्चमध्ये पुढच्या बाकावर घरची माणसं बसलेली, आणि सगळं गाव रांगेने येऊन त्यांचे हात हातात घेणार, हे ठरलेलं. मी म्हातारीला ओळखत होते. तिच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचं मीच बघितलं होतं, टॉमसच्या नावाने. सुताराने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

फिन्टन रांगेत माझ्यामागे. त्याने बाकावरच्या सगळ्यांचे हात हलवले, आणि मग त्याच दमात बाकाच्या टोकाशी उभ्या असलेल्या, शवपेटी उचलायला आलेल्या माणसाचाही हात धरून म्हणाला, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे." तो माणूस गंभीरपणे म्हणाला, "आभारी आहे साहेब, मला तर रोजचंच आहे." मागच्या चार बाकांना हसू आवरेना. पोराला वाईट म्हणवत नाही, पण देवा, किती घाई.

अ‍ॅट्रॅक्टा फुलं लावत होती. माझ्या कोटाकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. मीही काही तिच्या पाया पडायला गेले नव्हते.

शनिवार, १८ मे

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

शेजारची जोसी टाय आज अंडी घेऊन आली. चोवीस वर्षांची शेजारीण. माझी बाळंतपणं तिने काढली, टॉमसला शेवटची अंघोळ तिने घातली. खुशीत सांगायला लागली, की फिन्टनची दोन मुलं आपल्या गल्लीत येऊन गेली, फार गोड मुलं. म्हणाली, "डीलिया तर येणारच, तिची मतं उतू चाललीत. तेव्हा एक नंबर पोराला द्या आणि दोन तिला, म्हणजे दोघंही येतील, असं सांगत होती. मी म्हटलं, देईन की. आपल्या गल्लीतले सगळेच देणार आहेत. तुझं ओझं तेवढंच हलकं."

मी अंडी बाजूला ठेवली. म्हटलं, अगं जोसी, एक नंबरच मोजतात आधी. तो गेला की दोन नंबर म्हणजे नुसती सदिच्छा. ती म्हणाली, "असं काय करतेस? तू सुरक्षित आहेस, सगळे म्हणतात." आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेली. आता या बाईवर रागावू कशी? माझ्यावर जीव टाकते, आणि जीव टाकत टाकतच मला बुडवायला निघाली आहे. परक्या माणसाला हे कधी जमणार नाही.

ब्रॉफीला फोन लावला. "नंबर?" "डब्लिन, पक्षाची कचेरी." ब्रॉफी म्हणाला, तरुण मुलं आहेत, उत्साहाच्या भरात गेली असतील पूल ओलांडून. मी म्हटलं, केसाने गळा कापायला उत्साह लागतो का? तो म्हणाला, फिन्टनशी बोलतो, पण त्याचा फोनच लागत नाही, आठवडाभर लाइन मोकळी नाही. असेल. ती यंत्रं जुनी झाली आहेत.

पॅकीला सांगितलं, उद्या मोटार काढ. किलकॉरनला जायचंय. तो म्हणाला, कोण वारलं? मी म्हटलं, अजून कुणी नाही.

रविवार, १९ मे

प्रार्थना सुटली आणि मी चर्चबाहेरच्या भिंतीवर चढले. कोटाच्या वजनाने जवळजवळ मागे पडणार होते, पॅकीने धरलं. किलकॉरनचं सगळं गाव समोर. समोरच्या बाजूला अ‍ॅट्रॅक्टाच्या दुकानापाशी फिन्टन एका ट्रॉलीवर उभा, मोठा भोंगा लावून. भोंग्याची तार दुकानाच्या खिडकीतून आत गेलेली. म्हणजे नणंदबाईंनी वीजही पुरवली. हे पाहिलं आणि मला आणखीच चेव आला.

मी तोंड उघडलं, तर त्याने भोंगा सुरू केला. रस्ते, कारखाने, तरुण रक्त. माझं मलाच ऐकू येईना. पुढच्या रांगेतली माणसं कानावर हात ठेवून माझे ओठ वाचायला लागली. आणि एकाएकी भोंगा गप्प. फिन्टनने टिचक्या मारल्या, फुंकलं, हलवून पाहिलं. काही नाही. वीज गेली असावी. देवाची कृपा, दुसरं काय. खरं म्हणजे दुकानातला दिवा तसाच जळत होता. पण आपल्याकडच्या विजेचा काही नेम नाही.

मग मी बोलले. जे बोलले ते आठवतं तसं लिहून ठेवते.

"तुम्हाला कुणी सांगितलं असेल, डीलिया तर येणारच. मी तुमच्यासमोर भिंतीवर उभी आहे, माझे गुडघे बघा, हे सुरक्षित बाईचे गुडघे आहेत का? मी पडणार आहे. मला पाडायला कुणी शत्रू लागणार नाही, माझ्यावर प्रेम करणारी माणसंच पाडणार आहेत. पक्षाने मला सांगितलं, नदी ओलांडू नकोस. मी ओलांडली. आता मी तुमचा एक नंबर मागते आहे. दोन नको, मला दया नको. टॉमसच्या गावाने टॉमसच्या बायकोला पाठ दाखवू नये, एवढंच."

टाळ्या पडल्या नाहीत. किलकॉरनचे लोक तसे घुमेच. अ‍ॅट्रॅक्टा दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. शेवटच्या वाक्याला तिने नाक मुरडलं आणि आत गेली. मी स्वतः पाहिलं.

सोमवार, २० मे

ब्रॉफीचा फोन. पक्षशिस्त मोडली. चोवीस तासांत माफी मागा, किलकॉरनला पुन्हा जाणार नाही असं सांगा, नाहीतर पक्षातून बाहेर. मी विचारलं, फिन्टनच्या पोरांनी माफी मागितली का? म्हणाला, तो वेगळा विषय आहे.

मी म्हटलं, ब्रॉफीसाहेब, माझा नवरा वीस वर्षं तुमच्यासाठी हात वर करत होता, मी सहा वर्षं केला. माझा हात दुखतोय. मला काढून टाका. तो म्हणाला, विचार करा, एकट्या पडाल. मी फोन ठेवला. ठेवता ठेवता तारेत कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं.

नंतर स्वयंपाकघरात बसून रडले. खोटं कशाला लिहू? टॉमस असता तर काय म्हणाला असता? म्हणाला असता, डीलिया, मागून टाक माफी, कशाला उगाच. असंच म्हणाला असता. मग डोळे पुसले, काळ्या रंगाचा डबा काढला आणि पॅकीने आणलेल्या दीडशे फलकांवरचं पक्षाचं नाव एकेक करून काळ्याने झाकलं. उरलं फक्त माझं नाव. जरा मोकळं मोकळं दिसत होतं, पण वाईट नाही.

शुक्रवार, २४ मे

पूर्वेकडची घरं पालथी घालतेय. पाय सुजलेत. एका गड्याने कुत्रा सोडला, तो कुत्रा माझ्या कोटाचा वास घेऊन शेपूट हलवायला लागला. बाकी लोक दार उघडतात, ऐकून घेतात, हो-नाही काही बोलत नाहीत.

आज पेन्शनचा दिवस. पॅकी पोस्टात जाऊन आला. सांगत होता, दुकानाच्या काचेत फिन्टनचा मोठा फोटो लावलाय, रॉकेलच्या डब्यावर, माश्या मारायच्या चिकट कागदाशेजारी. सख्ख्या भावाच्या बायकोविरुद्ध! मी म्हटलं, लोकांना काय सांगत असेल ती? पॅकी टोपी फिरवत बसला. म्हणाला, "माझ्यासमोर काहीच बोलली नाही. पण बाई, म्हातारी माणसं पेन्शन घेऊन बाहेर पडत होती ती मान खाली घालून. शाळेतून मार खाऊन निघाल्यासारखी." बघा, म्हणजे धमकावतेय त्यांना. टॉमसला हे वरून दिसत असेल तर काय वाटत असेल बिचाऱ्याला.

बुधवार, २९ मे

मतदान. दिवसभर पॅकी म्हाताऱ्यांना मोटारीतून आणत होता. बार्टली कॉइनला काठी विसरली म्हणून दोनदा आणलं.

संध्याकाळी जोसी मतदान करून आली. मी विचारणार नव्हते. तिनेच सांगितलं. म्हणाली, पेन्सिल हातात घेतली आणि तू भिंतीवर काय बोललीस ते आठवलं, पण पोराला शब्द देऊन बसले होते गं. दिलेला शब्द कसा मोडू? मी तिला चहा दिला. काय करणार? याच शब्दाच्या पायी मीसुद्धा त्या हॉटेलात मान डोलावली होती.

गुरुवार, ३० मे

सगळं नीट लिहायचंय.

शाळेच्या व्यायामशाळेत मोजणी. मधे आडवा कठडा, पलीकडे टेबलं, अलीकडे आमची माणसं कठड्यावर पोटं टेकवून उभी. एकेका गावाची पेटी टेबलावर उपडी होते, मतपत्रिका सरळ करून ठेवतात, आणि अधिकारी मोजायच्या आधीच आमची माणसं एक नंबर कुणाला पडला त्याच्या खुणा मारत जातात. म्हणून इथे कुठल्या गल्लीने काय केलं, ते लपत नाही. नंतर जन्मभर तोंड चुकवत फिरावं लागतं.

माझ्या गल्लीची पेटी आधी उघडली. फिन्टन, डीलिया, फिन्टन, फिन्टन, डीलिया. जिथे दहातले आठ माझे असायचे तिथे निम्मे त्याचे. प्रत्येक फिन्टनच्या खाली दोन नंबर मला, सुंदर, गोल, प्रेमाने काढलेला दोन. पॅकीच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, जोसीचं अक्षर कुठलं ते सांगू का? तो हसला नाही.

मग किलकॉरनची पेटी. मी दुसरीकडे बघत होते, धीरच होईना. पॅकीने माझी बाही ओढली. डीलिया. डीलिया. डीलिया. एक फिन्टन. डीलिया. शेजारचा विरोधी पक्षाचा माणूस खुणा मारायचा थांबला आणि चष्मा पुसायला लागला. दहातले सात माझे. त्या घुम्या, टाळी न वाजवणाऱ्या गावाने.

माझे डोळे भरून आले. पॅकीला म्हटलं, बघितलंस, टॉमसचं गाव, विसरले नाहीत त्याला. पॅकीने पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, आता सांगतोच," तो म्हणाला. "टॉमसने शपथ घातली होती, घरी बोलायचं नाही म्हणून. किलकॉरनची पेटी टॉमसला कधी मिळाली नाही. वीस वर्षांत एकदाही नाही. ती माणसं त्याला लहानपणापासून ओळखत होती ना."

मी विचारलं, मग तो निवडून कसा यायचा? पॅकी म्हणाला, "पश्चिमेच्या मतांवर. जी माणसं शनिवारी तुमच्या स्वयंपाकघरात बसायची, त्यांच्या."

मी तिथल्याच बाकावर बसले. त्या कोटात एकदम उकडायला लागलं.

बाकीचं थोडक्यात. तीन जागा भरल्या, शेवटच्या जागेसाठी फिन्टन आणि मी. खालचे उमेदवार एकेक करून बाद, त्यांची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे इकडे-तिकडे. शेवटी तो पुढे. एका बसमध्ये उभी-बसलेली माणसं मावतील एवढ्या मतांनी. फेरमोजणी मागितली, फरक तेवढाच निघाला. माझी गल्ली एकटी जागेवर राहिली असती तरी मी आले असते.

हरलेल्यानेही मंचावर जाऊन अधिकाऱ्यांचे आभार मानायचे असतात. मी गेले, आभार मानले, आणि म्हटलं, "सहा वर्षं मी समजत होते की मी एका मेलेल्या माणसाची जागा राखतेय. आज दुपारी कळलं, जागा माझीच होती. कळलं त्याच दिवशी ती गेली, हे माझं नशीब. पण आता माझी आहे हे कळलंय ना, मग मी ती परत घेणार. फिन्टन, खुर्ची फार गरम करू नकोस."

पॅकी एकटाच मोठ्याने हसला. मग मागे कठड्यावरची सगळी माणसं हसायला लागली, विरोधी पक्षाचीसुद्धा.

शुक्रवार, ३१ मे

पोस्टात गेले. काचेतला फोटो नव्हता. अ‍ॅट्रॅक्टा फोनच्या तारांपाशी बसली होती. मी म्हटलं, किलकॉरनची पेटी बघितली. ती म्हणाली, "आधी तो कोट काढ. वास येतोय."

मी नाही काढला. म्हटलं, तू फिन्टनचं चित्र लावलंस.

"लावलं. आणि पेन्शनला येईल त्याला विचारलं, हा चेहरा ओळखतोस का? हा तुझ्या आईच्या डोळ्यांसाठी फोन करत होता का? जो ओळखतो म्हणेल त्याने माझ्याशी बोलायचं नाही, पैसे घ्यायचे आणि चालतं व्हायचं."

मी विचारलं, मग सहा वर्षं माझ्याशी का बोलली नाहीस? तिने कानावरचं फोनचं यंत्र काढून ठेवलं.

"टॉमस माझा भाऊ. माझा जीव होता त्याच्यावर. पण डब्लिनच्या खात्यांना फोन कुणाचे जायचे, ते मीच जोडून देत होते ना? तू बोलत असायचीस आणि मागून त्याचं घोरणं मला तारेतून ऐकू यायचं. तो गेला तेव्हा मला वाटलं, आता तरी ही स्वतःच्या नावाने उभी राहील. तर तू त्याच्या कोटात शिरलीस आणि बाहेरच येईनास. परवा भिंतीवरसुद्धा टॉमसची बायको, टॉमसचं गाव. मला इतकी चीड आली."

फोन वाजला. तिने तार जोडली, कान दिला आणि मला खुणेने सांगितलं, ब्रॉफी, तुझ्यासाठी. मी घेतला. पक्षाला झाल्याचं वाईट वाटतंय. थोडी दिलगिरी व्यक्त केली तर वरिष्ठ सभागृहात माझ्यासाठी एक खुर्ची बघता येईल. पगार आहे, मान आहे, दारोदार फिरायला नको. सोमवारी पुन्हा फोन करतो म्हणाला, तोवर विचार करा.

कबूल करते, मी विचार केला. पाय सुजलेत, वय छप्पन्न, ती खुर्ची मऊ असेल. अ‍ॅट्रॅक्टा नुसती बघत राहिली, भिंतीवरच्या दिवशी बघत होती तशी. मी कोट काढला आणि तिच्या काउंटरवर ठेवला. त्याच्या खिशात टॉमसच्या पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या, वितळून एक झालेल्या. मग दोघीही रडलो, आणि गिऱ्हाईक आल्यावर थांबलो.

सोमवार, ३ जून

बार्टली कॉइनची बहीण वारली. किलकॉरनलाच. मी माझ्या विरलेल्या निळ्या कोटात गेले, थंडी वाजली. अ‍ॅट्रॅक्टा मोटारीत माझ्या शेजारी. ब्रॉफीचा फोन सकाळी आलाच होता, तो तिनेच घेतला. सांगितलं म्हणे, डीलिया गॉन अंत्यविधीला गेली आहे. त्याने विचारलं, परत कधी येतील? ही म्हणाली, तुमच्याकडे नाही यायची. मला न विचारता. पण बरोबरच सांगितलं.

वाटेत मी म्हटलं, त्या रविवारी वीज अगदी वेळेवर गेली हो. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, वारा होता. मला तरी वारा आठवत नाही.

चर्चमध्ये रांग. फिन्टन माझ्या पुढे दोन माणसं सोडून, नवा काळा सूट. या वेळी त्याने हात बरोबर माणसांचेच हलवले, शिकतोय पोरगा. विधी आटपून सगळे बाहेर ओट्यावर आलो. बार्टली काठी टेकत दारात आला, डोळे पुसले आणि हाक मारली, "डेप्युटी."

आम्ही दोघंही वळलो. फिन्टनने हात पुढे केला, चेहरा गंभीर केला. बार्टली त्याच्या हाताला वळसा घालून माझ्यापाशी आला आणि विचारलं, की बहिणीच्या घराचं आता काय होणार, ते तिच्या नावावर नव्हतं. सगळं गाव बघत होतं. फिन्टनचा हात तसाच पुढे राहिला, मग त्याने तो खिशात घातला.

मी बार्टलीला दुरुस्त केलं नाही. म्हटलं, शनिवारी या, स्वयंपाकघरात, नेहमीच्या वेळेला.